अर्धा इंच माया

रिमोट हरवला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हरवला म्हणजे मीच लपवला होता. मुलगा ऑफिसातून आला की बातम्या लावतो, आणि चार अनोळखी माणसं आमच्या बैठकीत येऊन एकमेकांवर ओरडतात. म्हटलं, एक दिवस गंमत करू. गंमत अशी झाली की कुठे लपवला ते मलाच आठवेना. (या वयात चोरी जमते, मुद्देमाल सापडत नाही.) सगळ्यांनी घर पालथं घातलं. मीही सगळ्यांबरोबर मन लावून शोधला. शेवटी संध्याकाळी करायला काही उरलं नाही म्हणून मी ठरवलं, चला, नातीचा अभ्यास ऐकत बसू. एवढंच ठरवलं हो. यात कोणाचं काय वाकडं व्हायचं होतं?

नात हायस्कुलात आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती बसून वाचत नाही. पुस्तक हातात धरून खोलीभर गरागरा फिरते. ऐकणाऱ्याची मान दुखते. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पाचवीचे मास्तर खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीकडे बघत असते तर आणखीही शिकले असते.

तर त्या वर्षी भिंगरीला इंग्रजीच्या तासाला एक नाटक होतं. फार जुनं. लिहिणाऱ्यांचं चित्र पुस्तकावर होतं: कपाळ पार मागे मानेपर्यंत गेलेलं, एका कानात डूल. त्यांचं नाव भिंगरीने मला सांगितलं, पण ते नाव माझ्या कवळीतून बाहेर पडलं की समोरच्याला चष्मा पुसावा लागतो. म्हणून मी त्यांना डूलवाले म्हणते.

"कसलं नाटक आहे ग?" मी विचारलं.

"शोकांतिका."

मला ऐकू आलं, शौकांतिका. (डावा कान. त्याच्यावर माझा विश्वास नव्हताच, पण त्या दिवशी तोच तिच्या बाजूला होता.) मी म्हटलं, वा. शौक करणाऱ्या माणसांची गोष्ट. गाणीबिणी असतील, अत्तरं असतील, शेवटी मोठी मेजवानी असेल. मी पाठीला उशी घेऊन ऐसपैस बसले.

गोष्ट अशी. एक म्हातारा राजा असतो, त्याला तीन मुली. राज्य करून कंटाळतो बिचारा. मुलींना समोर उभं करतो आणि विचारतो, सांगा, कोणाची माझ्यावर माया किती? जिची जास्त, तिला मोठा वाटा. थोरली म्हणते, जिवापेक्षा जास्त. मधली म्हणते, ताई म्हणाली त्याच्यावर आणखी थोडी. धाकटी मात्र म्हणते, बापावर असायला हवी तेवढी आहे. झालं, राजाचं डोकं फिरतं. धाकटीला हाकलून देतो, राज्य दोघींना वाटून टाकतो आणि म्हणतो, आता मी आळीपाळीने तुमच्याकडे राहणार.

"पुढे?" मी विचारलं.

पुढचा अंक पुढच्या आठवड्यात, म्हणाली. बाई आठवड्याला एकच शिकवतात. मी म्हटलं, पुस्तक आहे हातात, तर तू वाच की. तर म्हणे, आजी, हे इंग्रजी बाईंच्या चावीशिवाय उघडत नाही.

आता मला सांगा, असं अर्ध्यावर सोडलं तर माणसाने करायचं काय? मला चैन पडेना. एक तर पुढे काय झालं ते कळेना, आणि दुसरं म्हणजे राजाची युक्ती मला फारच आवडली. इतकी वर्षं मी या घरात आहे, पण माझ्यावर कोणाची माया किती, हे कोणी सांगितलेलं नाही. आमच्यात असलं बोलतच नाहीत. मुलगा माझ्याशी शेवटचं लाडाने बोलला ते "आई, जरा सरक." म्हटलं, विचारून तर बघू. शौकांतिका आहे, शेवट गोडच असणार.

राज्य म्हणायला माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, खिडकीची खोली. तिच्यात सकाळचं ऊन येतं आणि समोरच्या तीन घरांत काय चाललंय ते चष्मा न लावता दिसतं. दुसरं, आरशाचं लाकडी कपाट. खोलीवर मुलाचा डोळा होता आणि कपाटावर लेकीचा. म्हणजे राज्य अगदीच भिकार नव्हतं.

पहिला नंबर मुलाचा. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला काहीच ऐकू येत नाही. पण त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "तुझी माझ्यावर माया किती आहे रे?" आणि त्याचा घास हातातच राहिला.

"आई, काय होतंय तुला?"

"काही होत नाही. माया किती ते सांग."

तो तसाच उठला, ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन आला आणि माझ्या दंडाला पट्टा आवळला. "आहे ना आई. खूप आहे. तू बोलू नकोस, आकडा चढतोय."

"खूप म्हणजे?"

"सगळ्यात जास्त," तो म्हणाला. मशीनकडे बघत म्हणाला हे खरं, पण म्हणाला. मी मनात लिहून घेतलं, मुलगा पास.

मग त्याने बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला. (माझा उजवा कान दाराआडून फार छान चालतो.) म्हणत होता, आई माया किती म्हणून विचारतेय, लक्षण काही बरं दिसत नाही. त्यामुळे लेकीला मला विचारावंसुद्धा लागलं नाही, तिचाच फोन आला. लेक दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे, म्हणजे काय काय खायचं नाही ते लोकांना सांगते. फोन उचलल्या उचलल्या तिने हुंदका दिला. म्हणाली, "आई, तू म्हणजे माझं सगळं काही आहेस. माझ्या रक्तात तू आहेस." रक्त निघाल्यावर तिने लगेच माझी साखर किती तेही विचारलं, पण तो तिचा धंदा आहे. एकंदर भाषण सुरेख झालं. लाइन खराब आहे असं सांगून मी ते तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

राहिली सूनबाई.

सूनबाई घरीच शिवणकाम करते. तिचं मशीन बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात असतं, आणि तिथून येता-जाता आमच्या दोघींच्या गप्पा चालतात. म्हणजे मी बोलते, आणि ती तोंडात टाचण्या धरून हसते. सोपं नाही ते. माझ्या खोड्यांना या घरात खरं गिऱ्हाईक तेवढं एकच. मुलाचा सकाळी घाईच्या वेळी पाय मोज्यात अर्ध्यावरच अडकतो, कारण मध्ये एक टाका घातलेला असतो. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मग टाका कोण घालतं, हे त्या पाणीपुरवठ्याला अजून सुचलेलं नाही.

शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही, हे इथे लक्षात ठेवा. माझ्या लेखी मशीन म्हणजे मी ज्याच्यावर चष्मा विसरते ती वस्तू.

त्या दुपारी ती माझाच नवा गाऊन शिवत होती. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, मान खाली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सूनबाई, खरं सांगायचं हं. माया किती?"

मान वरसुद्धा न करता ती म्हणाली, "अर्धा इंच."

मला वाटलं, पुन्हा डावा कान. मी वळून उजवा पुढे केला. "किती?"

"अर्धा इंच, आई."

"एवढीच?"

"जास्त ठेवली की गोळा होते," ती म्हणाली. "मग टोचते."

आणि घरघर करून पुढची शिवण मारली.

मी उठले. राजाच्या धाकटीने निदान 'असायला हवी तेवढी' असं तरी म्हटलं होतं. ही तर टेप लावून मोकळी झाली. आणि वर म्हणे टोचते! आधी मी राजासारखं रागावून बघत होते, कसं वाटतं ते कळावं म्हणून. खोलीत पोचेपर्यंत खरंच रागावले होते.

रविवारी लेक आली तेव्हा मी सगळ्यांना बसवलं आणि जाहीर केलं. खिडकीची खोली मुलाला, आरशाचं कपाट लेकीला, आणि मी पंधरा दिवस इथे, पंधरा दिवस लेकीकडे. मुलगा म्हणाला, आई, उगाच कशाला, आणि त्याच वेळी डोळ्यांनी खोलीची लांबी मोजत होता. लेक म्हणाली, कपाट आजच नेऊ का.

सूनबाईने विचारलं नाही. मीच सांगितलं, "जिच्याकडे माझ्यासाठी अर्धाच इंच आहे, तिला मी काय देणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी काय केलं, आई?"

"तुझ्याच तोंडून ऐकलंय मी."

"बरं," ती म्हणाली, आणि मशीनला तेल घालायला गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. जेवायला चला, म्हणायची. गोळी घेतलीत का, विचारायची. पण मी मोज्याचा विषय काढला तर म्हणाली, "हो का." तुम्हाला कोणी कधी 'हो का' म्हटलंय? त्यापेक्षा शिव्या बऱ्या. मोज्यातला टाकाही बंद झाला. मुलगा सकाळी सुखाने दोन्ही पायांनी ऑफिसला जायला लागला. घरातली सगळी मजाच गेली.

खोलीत मुलाने व्यायामाची सायकल नेली. इतके दिवस तिच्यावर बैठकीत टॉवेल वाळायचे, आता माझ्या खिडकीच्या उन्हात वाळायला लागले. कपाट दोन हमालांनी खाली नेलं. आणि कपाटामागून मीही बॅग घेऊन लेकीकडे गेले.

तिथे कपाट उघडलं तर आतून रिमोट निघाला. (मी काही बोलले नाही. जावयांनी लावून बघितला, पण त्यांचा टीव्ही आमच्या रिमोटला दाद देईना.)

रोज संध्याकाळी भिंगरीचा फोन यायचा. तिच्या बाईंनी ठरवलं होतं की नाटक शिकवून झालं की वर्गाने ते करून दाखवायचं. कामं वाटली, आणि भिंगरीला आला विदूषक. ती फोनवर रडवेली झाली होती. तिला धाकटी व्हायचं होतं. मी विचारलं, विदूषक करतो काय? तर राजाच्या मागे मागे फिरतो, तोंडावर टोमणे मारतो, आणि सगळ्यांना हसवतो. मी म्हटलं, वेडे, मग सगळ्यात चांगलं काम तुलाच मिळालंय. मग रोज तिचं काम फोनवरच बसवून घ्यायला लागले: टोमणा मारून झाल्यावर लगेच हसायचं नाही, आधी दुसरीकडे बघायचं, मग हसायचं, वगैरे.

आणि पुढचा अंक आला. भिंगरी सांगायला लागली की राजाने आपल्याबरोबर शंभर घोडेस्वार ठेवले होते. थोरली म्हणाली, एवढे कशाला? निम्मे करा. तो रागावून मधलीकडे गेला. मधली म्हणाली, पंचवीस पुरेत.

इकडे लेक माझ्यासमोरून चालली होती. माझा संध्याकाळचा चहा तिने येताच बंद केला होता, दुपारचा त्या आठवड्यात गेला. आता उरलेल्या सकाळच्या चहाचा माझा कपही फडताळात आत सारत ती म्हणाली, "आई, तू नुसतं कोमट पाणी का पीत नाहीस? या एकाची तरी काय गरज आहे?"

"भिंगरे," मी फोनमध्ये म्हणाले, "शेवटी त्या मुली काय म्हणतात म्हणालीस?"

"म्हणतात, एकाची तरी काय गरज आहे."

डूलवाले हे इतकी वर्षं आधी लिहून ठेवतात म्हणजे काय?

लेकीचं वाईट नव्हतं हो. ती माझ्या भल्याचंच बघत होती, पण एवढं भलं मला सोसवेना. साखर गेली, दूध गेलं, मीठ आठवणीपुरतं राहिलं. जावई देवमाणूस, रोज ऑफिसातून येताना खिशातून बिस्किटांचा पुडा आणायचे. आम्ही दोघं बाल्कनीत उभं राहून, बाहेर बघत असल्यासारखं दाखवत, न चावता खायचो. त्या काळात मी चांगली भरले.

आणि एक दिवस कोमट पाण्यात लेकीने काकडी घातली. मी बॅग उचलली. ती दवाखान्यात गेली होती. जिना उतरून मी फाटकाशी आले आणि मग थांबले, कारण जायचं कुठे? घरी खोली नाही. खोलीचं एक वेळ सोडा, पण बोळातून जाताना 'हो का' ऐकायचं.

मी तशी उभी असताना गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. वाहत्या पाण्याचा पाइप त्या बिल्डिंगीत नेमका फाटकावर काढलाय, आणि नेमकी मी त्याच्या खाली. धबाधबा पाणी. चष्मा वाहिला, बॅग भरली. मी वर बघून ओरडले, "मोटर बंद करा रे!" कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. भिंगरी शाळेतून घरी पोचली होती.

"आजी, आज वादळाचा अंक झाला. राजा एकटा माळावर, डोक्यावर धो धो पाऊस, आणि तो आभाळाकडे बघून ओरडतोय."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मी त्यातच उभी आहे."

ती घाबरलीच. पण माझं लक्ष दुसरीकडेच. मी विचारलं, "आणि विदूषक?"

विदूषक राजाबरोबर भिजतो, म्हणाली, पण गंमत म्हणजे यानंतर थोड्याच वेळात तो नाटकातून नाहीसाच होतो. मरत नाही, निरोप घेत नाही, काही नाही. डूलवाल्यांनी तो कुठे गेला ते लिहिलेलंच नाही. बाई म्हणाल्या, कोणालाच माहीत नाही, तुम्ही आपापलं उत्तर शोधा, प्रयोगाच्या दिवशी विचारीन. आणि भिंगरी तर स्वतःच विदूषक, म्हणजे तिला सांगायलाच हवं.

मी पाइपखालून हलायचं विसरले. एवढा चांगला माणूस जातो कुठे?

सूनबाई गाडी करून आली तेव्हा मी तिथेच उभी होते. गळ्यात टेप तसाच, हातात टॉवेल. भिंगरीने सांगितलं आणि ती मशीनवरून तशीच उठून आली असणार. लहान मुलाचं पुसतात तसं माझं डोकं खसाखसा पुसलं आणि मला गाडीत घातलं.

घरी आल्यावर तिने तो नवा गाऊन काढून दिला. मी तो डोक्यातून घातला आणि मध्येच अडकले. (बिस्किटं.) हात वर, तोंड आत, गाऊन ना वर जाईना ना खाली येईना.

"थांबा, ओढू नका," सूनबाई बाहेरून म्हणाली. "आत माया आहे, सोडवते."

"काय आहे आत?"

"माया." तिने बाजूची शिवण उलटी करून माझ्या डोळ्यांसमोर धरली. टाक्याच्या पलीकडे कापडाची एक बारीक पट्टी होती. "शिवणीत जादा कापड ठेवतो ना आम्ही. माणूस भरलं तर उसवून सैल करता येतं. त्याला माया म्हणतात. तुम्हीच तर विचारलं होतंत त्या दिवशी, माया किती. अर्धा इंच ठेवली होती."

मी गाऊनच्या आतूनच ती पट्टी नीट बघितली.

"तू गाऊनचं सांगत होतीस?"

"मग तुम्ही कशाचं विचारत होतात?"

आता या वयात, दोन्ही हात वर अडकलेले असताना, सुनेला काय सांगायचं? मी म्हणाले, "गाऊनचंच."

बाहेरून टाचण्या फरशीवर पडल्याचा आवाज आला. ती हसत होती. इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली, आणि मी तशीच अडकलेली. शेवटी डोळे पुसून तिने कात्री घेतली आणि एकेक टाका उसवायला लागली.

"आई," ती टाक्यांकडेच बघत म्हणाली, "माया बाहेरून दिसायला लागली ना, तर समजायचं शिवण चुकली."

मी म्हटलं, "हो का."

त्यावर तिने मला कात्रीच्या मुठीने हळूच ढोसलं. "पुढच्या गाऊनला इंचभर ठेवते," म्हणाली. "तुमचा काही भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा एका पायावर उड्या मारत मोजा ओढत होता. राज्य मी परत मागितलं नाही. माझी खाट आता बोळातच आहे, मशीनच्या शेजारी. घरातलं प्रत्येक माणूस तिथूनच जातं, आणि पाय आडवा टाकायला खिडकीच्या खोलीत कोण येणार होतं?

मग भिंगरीने शेवटचा अंक सांगितला. धाकटी बापाला न्यायला परत येते, दोघं एकमेकांना भेटतात. मी म्हटलं, बघ, झाली की नाही मेजवानी. तर म्हणे, मग धाकटी मरते. राजाही मरतो. थोरली आणि मधली आधीच मेलेल्या असतात.

"अग, तू तर शौकांतिका म्हणाली होतीस!"

"शोक, आजी. शोक."

मी उठून थेट स्वयंपाकघरात गेले. सूनबाई स्टुलावर चढून वरचा डबा काढत होती. मी तिचे पाय धरून तिला खाली उतरवलं. पुढचे काही दिवस मी तिला स्टुलावर चढू दिलं नाही, कात्री हातात दिली की मूठ पुढे करून दिली, आणि रस्ता ओलांडायला बरोबर गेले. (आमच्या दोघींत गाडीखाली यायची भीती खरं तर मलाच जास्त.) तिने मुलाला विचारलं, ते ब्लडप्रेशरचं मशीन कुठे आहे?

प्रयोगाच्या दिवशी मी नवा गाऊन सोडून बाकी सगळं नवं घालून शाळेत गेले. मुकुट, झगे, सगळं सूनबाईने शिवलेलं. वर्गातली बाकं मागे सरकवली होती, पालक खुर्च्यांवर बसले होते. सुरुवातीला इंग्रजीच्या बाई म्हणाल्या की एका मुलीने आपलं काम घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला बघून बसवलं आहे, आणि त्या इथे आल्या आहेत. मी पाठ ताठ केली. म्हटलं, राजाच तो. दुसरं कोण असणार?

राजा आला. ठीक होता. मग विदूषक आला, आणि लोक हसायला लागले. कमरेत वाकलेला, नाकाच्या टोकावर चष्मा, टोमणा मारला की आधी दुसरीकडे बघायचा आणि मग कवळी पडू नये म्हणून तोंडावर हात धरून हसायचा. सगळ्यात जास्त मीच हसले, तोंडावर हात धरून. मग शेजारी बघितलं तर सूनबाई विदूषकाकडे नव्हती बघत. माझ्याकडे बघत होती. अंगात त्याच्या माझा जुना गाऊन होता, हे मला तेव्हा दिसलं.

वादळाचा अंक आला. मुलांनी पत्रे वाजवले, पाण्याचे फवारे उडवले. मला थंडी भरली आणि चहाची अशी तलफ आली की काही विचारू नका. लेकही बसली होती, पण दोन रांगा पुढे. मी हळूच उठले. शाळेच्या मागे कॅन्टीन होतं. चहा चांगला होता, साखर सढळ. मग शिपायाशी गप्पा झाल्या, मग परत येताना जिना चुकले आणि सातवीच्या वर्गात जाऊन थोडा वेळ बसले.

परत आले तेव्हा पुढे सगळे मरून पडले होते. लोक डोळे पुसत होते, टाळ्या वाजत होत्या. मी दारातच थांबले, हातात दुसरा कप. बाईंनी टाळ्या थांबवल्या आणि भिंगरीला पुढे बोलावलं. म्हणाल्या, "आता तू सांग. मध्येच नाहीसा झालेला विदूषक कुठे जातो? सापडलं का उत्तर?"

भिंगरीने जरा दुसरीकडे बघितलं. मग दाराकडे हात केला.

"चहाला गेला होता, बाई," ती म्हणाली. "तो बघा, आला."

सगळा वर्ग वळून दाराकडे बघायला लागला. आणि मीही पटकन मागे वळून बघितलं, कुठे आहे विदूषक म्हणून.